सूत्र आणि सुत्त

बंगळूरच्या पूर्व बाजूला कृष्णराजपुरम नावाची जुनी वस्ती आहे. शहर वाढत वाढत तिला येऊन मिळाले आणि लोकांच्या तोंडी तिचे के. आर. पुरम झाले. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे अशा उपनगरांत शेजारी शेजारी राहतात. तेथील एखाद्या मराठी ब्राह्मण कुटुंबात मुंज ठरली आणि पुरोहिताचा शोध सुरू झाला, की पहिला प्रश्न येतो तो हा : आपले सूत्र कोणते? यजमान गोंधळतो. गोत्र त्याला ठाऊक असते. सूत्र म्हणजे काय, हे गावाकडच्या काकांना विचारावे लागते. काका सांगतात, आपण हिरण्यकेशी. मग पंचाईत अशी होते, की कर्नाटकातील यजुर्वेदी पुरोहित बहुधा आपस्तंब किंवा बौधायन सूत्राचे असतात. वेद तोच, शाखा तीच, पण सूत्र बदलले की विधीचा क्रम बदलतो, कोठे एखादा मंत्र बदलतो. शेवटी काही तडजोड निघते आणि बटूच्या गळ्यात जानवे पडते. त्या जानव्यालाही सूत्रच म्हणतात.

त्याच आळीत दुसरे एखादे मराठी कुटुंब बौद्ध असते. नव्या घरात राहावयास जाण्यापूर्वी तेथे परित्राणपाठ होतो. पाण्याने भरलेल्या पात्राभोवती पांढरा दोरा गुंडाळतात, त्याचे टोक भिक्षूंच्या हातांतून जमलेल्या मंडळींच्या हातांत फिरते, आणि महामंगल सुत्त, रतन सुत्त, करणीयमेत्त सुत्त ही सुत्ते पाली भाषेत म्हटली जातात. पाठ संपला की त्याच दोऱ्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या मनगटाला बांधतात. येथेही सूत्र आहे, आणि येथेही दोरा आहे. मात्र या दोन घरांत ‘सूत्र’ या शब्दाने जी वस्तू ओळखली जाते, ती एक नव्हे. फरक नुसता संस्कृत आणि पाली असा भाषेचाही नाही. एकाच शब्दाने भारतीय परंपरेने जवळजवळ परस्परविरुद्ध अशा दोन रचनांना नाव दिले, आणि त्या विरोधातून ज्ञानावर अधिकार कोणाचा, हा फार जुना तंटा उभा राहिला.

वैदिक परंपरेत सूत्र म्हणजे आखूडपणाची पराकाष्ठा. अक्षरे थोडी, अर्थ निःसंदिग्ध, आशय सारभूत, फापटपसारा नाही, अशी त्याची लक्षणे शास्त्रकारांनी सांगितली. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी म्हणच पडली. या कलेचे शिखर पाणिनी. त्याच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत आणि त्यांतले शेवटचे सूत्र म्हणजे एकच ऱ्हस्व स्वर दोनदा उच्चारलेला, एवढेच. एका सूत्रातील पद पुढच्या अनेक सूत्रांत न उच्चारता चालू राहते; त्याला अनुवृत्ती म्हणतात. ती कोठे थांबते हे पुस्तकात लिहिलेले नसते, गुरूकडून कळते. म्हणजे सूत्र हे वाचण्याचे वाङ्मय नव्हेच. ते पाठ करून ठेवायचे आणि गुरूने उलगडायचे. पतंजलीची योगसूत्रे दोनशेच्या आत आटोपतात; पण व्यासभाष्याचा आधार न घेता ती वाचू जाणारा फार दूर पोचत नाही. श्रौत, गृह्य आणि धर्म या तीन प्रकारच्या कल्पसूत्रांचीही हीच जात. के. आर. पुरमच्या यजमानाला छळणारा प्रश्न गृह्यसूत्राचा, म्हणजे घरच्या संस्कारांच्या नियमांचा होता.

या रचनेचा एक परिणाम बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत फार स्पष्ट दिसतो. सूत्रे साडेपाचशेच्या आसपास. पुष्कळशी दोनतीन शब्दांची, काहींना तर कर्ताही नाही आणि क्रियापदही नाही. त्याच सूत्रांतून शंकराचार्यांनी अद्वैत काढले, रामानुजांनी विशिष्टाद्वैत, आणि उडुपीच्या मध्वाचार्यांनी द्वैत. सूत्र जितके आखूड, तितका भाष्यकार मोठा. तथापि पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एक प्रकरण असे आहे, की जेथे हे तिघेही भांडत नाहीत. वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार शूद्राला नाही, असा त्या प्रकरणाचा निर्णय आहे, आणि जीव आणि ब्रह्म एक की दोन यावर टोकाचे मतभेद असणारे हे आचार्य दाराला कडी घालताना एकत्र येतात. हा योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. गुरुमुखाशिवाय जे उघडतच नाही, त्याचे कुलूप गुरूच्या हाती राहते. आणि गुरूने कोणाला शिष्य करावे हे ठरले, की विद्येचे काय होणार हेही ठरते.

आता बौद्धांचे सुत्त पाहावे. ते आखूड नसते. पुष्कळदा कंटाळा यावा इतके लांब असते. आपण असे ऐकले आहे, या अर्थाच्या शब्दांनी त्याचा आरंभ होतो. मग भगवान त्या वेळी कोठे राहत होते, श्रावस्तीत की राजगृहात, कोण भेटावयास आले, काय बोलणे झाले, हे येते. हे ‘ऐकलेले’ आनंदाचे, असे परंपरा मानते. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत त्याने सुत्ते म्हणून दाखविली, अशी कथा आहे. दीघनिकायात अशी ३४ सुत्ते आहेत, मज्झिमनिकायात १५२. त्यांत एकच परिच्छेद दहादहा वेळा जशाच्या तसा येतो. हस्तलिखितांचे लेखकसुद्धा थकून ‘पे’ एवढे अक्षर लिहून पुढे जातात. वरीलप्रमाणेच समजावे, असा त्याचा अर्थ. हा पाल्हाळ पाहून काही विद्वानांनी अशी शंका काढली, की सुत्त हे मुळी ‘सूत्र’ नव्हेच, ते ‘सूक्त’, म्हणजे चांगले बोललेले, याचे पाली रूप असावे. शंका विचार करण्याजोगी आहे. पण पुढे संस्कृतात लिहिणाऱ्या बौद्धांनी तिला ‘सूत्र’ असेच रूप दिले आणि तेच चीन-जपानपर्यंत गेले.

पुनरुक्तीमागे कारण आहे. सुत्त एकट्याने जपायचे नव्हते, संघाने मिळून म्हणायचे होते. शंभर भिक्षू एका सुरात म्हणत असताना पुनरुक्ती म्हणजे पायऱ्या असतात. चुकलेला मनुष्य पुढच्या पायरीवर पुन्हा सर्वांना मिळतो, आणि कोणी एक शब्द बदलला तर तो लगेच उघडा पडतो. वैदिकाने स्मृतीचा भार शब्द कमी करून हलका केला, तर बौद्धाने तो अनेकांच्या खांद्यांवर वाटून दिला. या पठणकारांना भाणक म्हणत. कोणी दीघनिकायाचा भाणक, कोणी मज्झिमनिकायाचा. महाराष्ट्राला हे भाणक परके नाहीत. कार्ले येथील चैत्यगृहातील एका खांबावरील लेखात सोपाऱ्याच्या धर्मोत्तरीय पंथातील सातिमित नावाच्या भाणकाचे नाव आहे. शरीरधातू असलेला तो स्तंभ त्याने दान दिला. ज्या ‘भण्’ धातूपासून भाणक हा शब्द झाला, त्याच धातूपासून मराठीचे ‘म्हणणे’ आले आहे. कार्ल्याला जाणारे किती लोक तो खांब पाहून येतात, कोण जाणे.

अधिकाराच्या प्रश्नालाही येथे निराळे उत्तर मिळाले. ब्राह्मण कुळातील दोन भिक्षूंनी बुद्धाला सुचविले, की नाना जातींचे आणि नाना देशांचे भिक्षू आपापल्या बोलीत वचने बिघडवितात, तेव्हा ती वेदासारखी छंदोबद्ध करावी. बुद्धाने त्यांची खरडपट्टी काढली आणि वचने ‘स्वतःच्या’ भाषेत शिकावीत अशी अनुज्ञा दिली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ‘स्वतःची’ म्हणजे बुद्धाची मागधी, असे बुद्धघोषाने भाष्य केले. म्हणजे कुलूप घालण्याचा मोह भाष्यकाराला येथेही सुटला नाही. अशोकाचा मोह वेगळा होता. राजस्थानातील बैराट येथे १८४० मध्ये सापडलेला त्याचा एक शिलालेख आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. मगधाच्या संघाला उद्देशून लिहिलेल्या त्या लेखात राजा सात धर्मग्रंथांची नावे देतो आणि ते भिक्षूंनी, भिक्षुणींनी, तसेच उपासक आणि उपासिकांनी वारंवार ऐकावेत व मनात धरावेत, अशी इच्छा प्रकट करतो. संसारी स्त्रीचे नाव राजाने पवित्र ग्रंथांच्या अधिकाऱ्यांत घातले आणि ते दगडावर कोरविले. असे लेख थोडे.

पुढे मूळ भूमीतूनच सुत्ते नाहीशी झाली. पाली त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहून काढले गेले होते. तेथे, ब्रह्मदेशात आणि सयामात ते राहिले. महायानाची सूत्रे मध्य आशिया ओलांडून चीनमध्ये गेली. तेथे त्यांची प्रत करणे, छापणे आणि वाटणे हेच पुण्य ठरले. तुन्हुआंगच्या गुहांत सापडलेली वज्रच्छेदिका प्रज्ञापारमितेची छापील चिनी गुंडाळी इसवी सन ८६८ ची आहे; ज्यावर छपाईची निश्चित तारीख आहे असे जगातील सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक ते हेच. आईवडिलांच्या नावे ते फुकट वाटण्यासाठी छापविले, असे शेवटी लिहिले आहे. भारतात त्या काळी सर्व काही ताडपत्रावर आणि घोकणाऱ्याच्या जिभेवर होते. जिभा थांबल्या, तेव्हा भाणकांच्या लेण्यांत शब्द उरला तो फक्त खांबावरचा.

मराठीने मात्र मध्यंतरी एक विलक्षण प्रयोग केला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जे निरूपण केले, त्यातील वचने म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातून वेगळी काढून केसोबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. रचना वैदिक सूत्रासारखी आखूड आणि भाषा बुद्धाच्या आज्ञेसारखी लोकांची. केसोबास संस्कृतचे पंडित. रत्नमाला हे स्तोत्र त्यांनी संस्कृतात रचले होते आणि पुढेही त्याच भाषेत लिहिण्याचा त्यांचा मानस होता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. त्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील, अशा आशयाचे त्यांचे उत्तर स्मृतिस्थळात नोंदले आहे. धर्मग्रंथाची भाषा ठरविताना विद्वानांपेक्षा वृद्ध बायकांची सोय आधी पाहिली, हे मराठीच्या इतिहासातले मोठे धाडस होय. ज्या पंथात महदाइसेसारखी स्त्री आचार्यांना प्रश्न विचारून जेरीस आणी, तेथे ते साजलेही.

आणि याच पंथाने पुढे आपली पवित्र पोथी सांकेतिक लिपीत लिहिली. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येते; किल्ली पंथीयांजवळ. शेजारच्या समाजाचा रोष आणि ग्रंथाची विटंबना होण्याची भीती ही कारणे त्यामागे होती असे मानतात, आणि ती खरीही असतील. परंतु परिणाम असा झाला, की बायाबापड्यांसाठी मराठीत ठेवलेली सूत्रे शतकानुशतके मराठी वाचकाला दिसलीच नाहीत. मठ पंजाबपर्यंत गेले; पोथी शेजाऱ्याला कळली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा आद्य मराठी गद्य उजेडात आले.

जवळजवळ त्याच काळात दुसरे कुलूपही एका मराठी माणसाने काढले. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. शाळेचे शिक्षण बेताचे. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि त्या माणसाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा, ही तळमळ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते निघाले. त्या घरातील बाईने काय सोसले असेल, याचा विचार कोसंबींच्या चरित्रकारांनी सहसा फार केलेला नाही. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या सहवासात काही संस्कृत झाले. मग काशीस अन्नछत्रात जेवून व्याकरणाचे पाठ. म्हणजे सूत्रांच्या परंपरेतूनच ते सुत्तांकडे चालले होते. नेपाळात बौद्ध धर्म भेटेल या आशेने १९०२ मध्ये तिकडे गेले आणि निराश होऊन परतले. त्यांना हवी असलेली सुत्ते भारताच्या सीमेत कोणी शिकवीत नव्हते. बुद्धगया, कलकत्ता असे करीत त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या पायांशी बसून पाली शिकले. तेथे आणि ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले. पोटाचे हाल आणि अनोळखी लिपी यांचे वर्णन त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात अत्यंत साधेपणाने केले आहे.

परतल्यावर त्यांना कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. पण ही विद्या महाराष्ट्रात न्यावी, ही ओढ. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एखादे पुस्तक लिहावे. कोसंबींनी अधिक मिळकतीची नोकरी सोडून ती अट पत्करली. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला. १९१० मध्ये विशुद्धिमार्गाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. बुद्धघोषाच्या त्या ग्रंथाचे काम अनेक वर्षे रेंगाळले, श्रेयावरून प्रा. लानमन यांच्याशी खटके उडाले, आणि ग्रंथ छापून निघाला तो १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. १९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या शिष्यांपैकी पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये सुत्तनिपात देवनागरीत संपादित केला. तोवर पाली वाचू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला सिंहली किंवा ब्रह्मी लिपी तरी शिकावी लागे, नाहीतर लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीची रोमन अक्षरांतील पुस्तके तरी आणावी लागत.

१९१२ मध्येच ‘इंडियन अँटिक्वरी’त कोसंबींचा एक छोटा लेख आला. विषय अशोकाचा तो बैराटचा लेख. राजाने दिलेली सात नावे कोणत्या सुत्तांची, याचा शोध युरोपीय पंडित घेत होतेच. कोसंबींजवळ जास्तीची गोष्ट अशी, की ही सुत्ते त्यांनी विहारात गुरुमुखातून शिकली होती. मुनिगाथा, मोनेयसूत आणि उपतिसपसिन ही तीन नावे सुत्तनिपातातील मुनिसुत्त, नालकसुत्त आणि सारिपुत्तसुत्त यांना त्यांनी लावून दाखविली. सर्वच नावांवर पंडितांचे एकमत आजही नाही. पण एकाबद्दल वाद नाही. खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश, असे अशोक ज्याला म्हणतो, ते मज्झिमनिकायातील राहुलोवाद सुत्त. त्यात बुद्ध आपल्या मुलाला पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवितो. मग ते ओततो, भांडे पालथे घालतो, रिकामे दाखवितो. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणपण एवढेच, असे प्रत्येक वेळी सांगतो. नंतर आरसा कशासाठी असतो, असे विचारतो, आणि करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर प्रत्येक कृती तशीच न्याहाळावी, असे समजावितो. पुनरुक्ती येथेही आहे. पण मुलाला समजावणारा कोणता बाप एकदाच सांगून थांबतो? या सुत्ताला भाष्यकार लागत नाही. भांडे आणि पाणी पुरते.

कोसंबींनी पुढे सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले, ‘भगवान बुद्ध’ हे चरित्र लिहिले, आणि परळच्या गिरणगावात बहुजनविहार उभारून कामगारांत ही सुत्ते नेण्याचा यत्न केला. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा सुत्तांना एकाएकी फार मोठा श्रोतृवर्ग मिळाला, आणि तोही अशा समाजातला, की ज्याच्या पूर्वजांवर ब्रह्मसूत्रांच्या भाष्यकारांनी दार लावले होते. आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. पालीतील लांबलचक सुत्ते त्यांनी छोट्या छोट्या वाक्यांत तोडली आणि वाक्यांना अनुक्रमांक घातले. वैयाकरणाला शोभेल असा हा आखूडपणा, पण उलट हेतूने वापरलेला : गुरूवाचून कळावे म्हणून. त्याच सुमारास नालंदाहून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली संपूर्ण पाली त्रिपिटक देवनागरीत ४१ खंडांत निघू लागले. बंगळूरच्या गांधीनगरात आचार्य बुद्धरक्खित यांनी महाबोधी सोसायटी स्थापिली ती १९५६ सालीच.

गृह्यसूत्रांच्या बाजूलाही काही हालले आहे. सत्याषाढ म्हणजेच हिरण्यकेशी सूत्र पुण्याच्या आनंदाश्रमाने पूर्वीच छापून ठेवले, आणि गेल्या काही दशकांत पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या इच्छुकांना पौरोहित्याचे शिक्षण दिले. अशा पुरोहितबाई मंत्राचा मराठी अर्थ आधी सांगतात. काही यजमानांना ते विधीत अडथळा आणल्यासारखे वाटते. काहींना आपण इतकी वर्षे कशावर अक्षता टाकीत होतो, हे पहिल्यांदा कळते.

के. आर. पुरमच्या त्या बौद्ध घरी नेहमीच भिक्षू मिळतात असे नाही. मग वस्तीतले एखादे वडीलधारे उपासक, पुष्कळदा घरचीच आजी, पाठ सांगतात. हातात देवनागरीतील वंदनेची छोटी पुस्तिका, समोर पाण्याचे पात्र. पालीच्या ओळीखाली मराठी अर्थ छापलेला असतो. आजी एक ओळ म्हणते, मंडळी तिच्यामागून म्हणतात, दोरा एका हातातून दुसऱ्या हातात सरकत राहतो, आणि मध्येच एखादे लहान मूल तो ओढून पाहते.